चाकणचा तोडगा मेक्सिकोपर्यंत कसा पोचवायचा

ज्यांच्या कंपनीचे कारखाने किंवा कार्यालयं चार-पाच देशांत आहेत, कंपनीने आपसात बोलण्यासाठी व्हिवा एंगेज, टीम्स, स्लॅक यांपैकी काहीतरी साधन घेऊन ठेवलेलं आहे, पण तिथे वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि मुख्यालयाच्या घोषणा यापलीकडे काही हलत नाही, अशांसाठी हे लिहिते आहे. मी चाकण एमआयडीसीतल्या एका जर्मन कंपनीच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर आहे. आम्ही गाड्यांचे अ‍ॅल्युमिनियमचे भाग प्रेशर डाय कास्टिंगने, म्हणजे वितळलेला धातू डाय नावाच्या साच्यात जोराने दाबून, बनवतो. हेच काम आमचे लोक जर्मनी, मेक्सिको, ब्राझील आणि दक्षिण चीनमध्ये करतात. मशिनं जवळपास तीच, दोषही तेच, आणि तरी वर्षानुवर्षं प्रत्येक कारखाना एकच दोष आपापल्या हिमतीवर नव्याने सोडवत राहिला. रोजच्या कामाबरोबर कंपनीतला डाय कास्टिंगचा अंतर्गत समूह सांभाळायचं कामही काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. उदाहरणं कारखान्यातली येतील, पण पद्धत सॉफ्टवेअरवाल्यांना किंवा बँकेतल्यांनाही वापरता येईल.

आधी प्रश्न, मग माहिती

असा समूह सुरू करताना बहुतेक ठिकाणी पहिला आदेश निघतो तो 'तुमच्याकडच्या चांगल्या पद्धती टाका' असा. मग प्रत्येक कारखाना एकेक पीपीटी चढवतो. त्यात कारखान्याचा फोटो, आधी-नंतरचे आलेख आणि वाचलेले पैसे असतात. ते कोणी उघडत नाही, कारण ते कोणी मागितलेलं नसतं. ज्याला आज अडचण आहे तो आज शोधतो, आणि त्याला नेमकं त्याच अडचणीचं उत्तर हवं असतं. म्हणून सुरुवात प्रश्नांपासून करा. खऱ्या, आज अडलेल्या प्रश्नांपासून.

प्रश्न कुठे सापडतात? शिफ्टच्या लॉगबुकात. ग्राहकाच्या तक्रारीवर भरलेल्या ८डी अहवालात, म्हणजे मूळ कारण शोधून उपाय नोंदवायच्या आठ पायऱ्यांच्या नमुन्यात, विशेषतः जिथे मूळ कारणाच्या रकान्यात काहीतरी गुळमुळीत लिहिलेलं असतं तिथे. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. आपल्याकडे प्रत्येक लाइनचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतोच, आणि खरी चर्चा तिथेच चाललेली असते. त्या ग्रुपशी भांडू नका, तो बंद करायच्या मागे लागू नका. तिथला चांगला प्रश्न उचला, विचारणाऱ्याला सांगा, आणि त्याच्याच नावाने कंपनीच्या समूहात मांडा. व्हॉट्सअ‍ॅप चीनमध्ये चालत नाही, तिथले लोक वीचॅटवर असतात. त्यामुळे आपला ग्रुप कितीही जागता असला तरी तिथल्या माणसापर्यंत तो पोचूच शकत नाही. शिवाय नोकरी सोडून गेलेला माणूस त्या ग्रुपमध्ये महिनोन्‌महिने तसाच राहतो, आणि ग्राहकाच्या ड्रॉइंगचे फोटो त्याच्या फोनवर जात राहतात. हे साहेबांना समजावून सांगितलंत की कंपनीच्या समूहासाठी वेळ मागणं सोपं जातं.

प्रश्न कसा लिहायचा, ते एका उदाहरणाने सांगते. एका पावसाळ्यात आम्ही टाकलेला प्रश्न साधारण असा होता (डीगॅसिंग म्हणजे वितळलेल्या धातूतला वायू काढणं, इनगॉट म्हणजे धातूच्या विटा, गेट म्हणजे डायमध्ये धातू शिरतो ती वाट, शॉट म्हणजे एकदा धातू डायमध्ये मारणं):

'पावसाळा लागल्यापासून लीक टेस्टला नापास होणारे भाग वाढलेत. मशिन ८०० टन, कोल्ड चेंबर, धातू एडीसी १२. वाढ जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून, रात्रपाळीत जास्त. छिद्रं गोल, आतून गुळगुळीत, गेटपासून लांबच्या भिंतीत. कापलेल्या भागाचा फोटो जोडला आहे. डीगॅसिंगची वेळ वाढवली, फरक नाही. इनगॉट छपराखाली हलवले, फरक नाही. शॉटचा आलेख मे महिन्यात होता तसाच आहे. ज्यांच्याकडे हवा दमट असते त्यांनी अशा वेळी काय तपासलं ते हवं आहे. डाय उतरवायचा की नाही ते आम्हाला बुधवारी ठरवायचं आहे.'

यातली सगळ्यात मोलाची ओळ 'फरक नाही'ची. काय करून पाहिलं आणि त्याने काय झालं नाही, हे लिहिलं नाही तर पहिली दहा उत्तरं 'डीगॅसिंग बघा' अशीच येतात, आणि ज्याला खरोखर काही माहीत आहे तो माणूस ती गर्दी बघून पुढे निघून जातो. छिद्रं गोल आणि गुळगुळीत आहेत हेही महत्त्वाचं. खडबडीत, वेडीवाकडी असती तर धातू आकसल्याने पडलेली म्हणता आली असती. गोल म्हणजे वायू. एवढ्या एका निरीक्षणाने उत्तर देणाऱ्याचं निम्मं काम वाचतं. आणि 'बुधवारी ठरवायचं आहे' ही ओळ. 'तातडीचे' असं तांबड्या अक्षरांत लिहिण्यापेक्षा कशासाठी आणि कधीपर्यंत हवंय ते सांगितलं की लोक खरंच वेळ काढतात.

त्या प्रश्नाला आधी जर्मनीतल्या आमच्या धातुतज्ज्ञाने उत्तर दिलं: वितळलेल्या धातूचा नमुना निर्वातात गोठवून बघा, तो स्वच्छ निघाला तर हायड्रोजनचा नाद सोडा. वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये हायड्रोजन घट्ट धातूच्या सुमारे वीसपट विरघळतो, तो हवेतल्या ओलाव्यातून येतो आणि धातू गोठताना बाहेर पडून छिद्रं करतो, म्हणून पावसाळा म्हटला की सगळ्यांचं बोट आधी हायड्रोजनकडे जातं. आमचं तसंच गेलं होतं. नमुना स्वच्छ निघाला. मग चीनच्या कारखान्यातल्या एकाने दोन ओळी लिहिल्या. तो कास्टिंगचा माणूस नव्हता, कॉम्प्रेसर आणि पाण्याच्या लाइनी बघणारा होता. त्याने विचारलं, स्प्रेनंतर डायवर जी हवा मारता, ती कोरडी आहे का? एअर ड्रायरचा दवबिंदू, म्हणजे हवेतलं पाणी ज्या तापमानाला सुटतं ते, किती दाखवतोय?

आम्ही खाली जाऊन पाहिलं. ड्रायरचा ऑटो ड्रेन, म्हणजे साठलेलं पाणी आपोआप बाहेर सोडणारा भाग, गाळाने तुंबलेला होता. जी हवा डायवरचं पाणी उडवायला सोडत होतो, तीच पाणी घेऊन येत होती. कोपऱ्यात राहिलेल्या थेंबांवर साडेसहाशे अंशांचा धातू पडला की वाफ होते आणि आतच कोंडते. रात्री पाइप थंड होतात, पाणी जास्त सुटतं, म्हणून रात्रपाळीत दोष जास्त. डाय उतरवायची गरजच पडली नाही.

ही हकिकत एवढ्यासाठी सांगितली की ईमेलने हे उत्तर कधीच आलं नसतं. कॉम्प्रेसर बघणाऱ्या माणसाला पोरोसिटीबद्दल, म्हणजे भागातल्या छिद्रांबद्दल, ईमेल करावा असं मला कधी सुचलंच नसतं. कोणाला माहीत आहे ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून प्रश्न उघड्यावर विचारायचा. कंपनीतल्या या साधनांचं खरं काम हेच आहे, आणि यासाठीच मी त्यांच्या बाजूने इतकी हट्टाने बोलते.

कुठे काय ठेवायचं

साधनाच्या निवडीवर लोक फार वेळ घालवतात. तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की पुरे. रोजची बोलाचाल टीम्स किंवा स्लॅकच्या चॅनेलवर. ती वाहून जाते आणि जाऊ द्यावी. प्रश्नोत्तरं अशा जागी, जिथे कंपनीतल्या कोणालाही ती न विचारता वाचता येतात आणि शोधता येतात. व्हिवा एंगेजमध्ये पोस्ट 'प्रश्न' म्हणून टाकता येते आणि एका उत्तरावर 'सर्वोत्तम' अशी खूण करता येते, तेवढी सोय पुरते. आणि पिकलेलं ज्ञान, म्हणजे दोन-तीन कारखान्यांत लावून खरं ठरलेलं, विकीच्या, म्हणजे सगळ्यांना मिळून लिहिता-सुधारता येणाऱ्या, पानावर किंवा शेअरपॉइंटसारख्या कागदपत्रांच्या जागी, साध्या मजकुरात.

तिसरी जागा वेगळी का, याचं कारण इतिहासात आहे. यॅमर हे कंपन्यांच्या अंतर्गत समूहांचं साधन २००८ मध्ये आलं, २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते १.२ अब्ज डॉलरना घेतलं, आणि २०२३ मध्ये त्याचं व्हिवा एंगेज झालं. त्यात निदान मजकूर टिकला. फेसबुकचं अशाच कामाचं 'वर्कप्लेस' २०१६ मध्ये आलं, मोठमोठ्या कंपन्यांनी ते घेतलं, आणि मे २०२४ मध्ये मेटाने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. ऑगस्ट २०२५ नंतर ते फक्त वाचण्यापुरतं उरलं. ज्यांनी वर्षानुवर्षांची उत्तरं त्या भिंतीवरच ठेवली होती, त्यांना ती उचलून दुसरीकडे न्यावी लागली. साधन बदलणार हे धरूनच चला. विकीच्या पानावर उत्तराचं सार, मूळ चर्चेचा दुवा, तारीख आणि नावं एवढं असलं की साधन बदललं तरी काम अडत नाही.

समूह खुला ठेवा की बंद, हाही प्रश्न दरवेळी येतो. माझं मत स्पष्ट आहे: कंपनीच्या आत पूर्ण खुला. बंद समूहात चीनचा तो कॉम्प्रेसरवाला आलाच नसता.

उत्तर दुसऱ्याच्या कारखान्यात चाललं पाहिजे

आपल्याकडे चाललेला उपाय दुसरीकडे चालेलच असं नाही. म्हणून उत्तर लिहिताना उपायापेक्षा परिस्थिती जास्त जागा खाते, आणि ते बरोबरच आहे. कोणतं मशिन, किती टनाचं, कोणता धातू, बाहेरची हवा कशी, डाय किती शॉट चाललेला. आणि एक ओळ न चुकता: हा उपाय कुठे लागू नाही. 'व्हॅक्यूम लावलेल्या डायवर आम्ही हे करून पाहिलेलं नाही' असं लिहिलं की वाचणाऱ्याचा उरलेल्या मजकुरावरचा विश्वास वाढतो.

आकडे लिहिताना फार जपा. दाब कोणी बारमध्ये लिहितो, कोणी मेगापास्कलमध्ये; दोघांत दहापटींचा फरक आहे. त्याहून घातक आहे तो स्वल्पविराम. आपण १,२५० लिहिलं की बाराशे पन्नास. जर्मनीत आणि ब्राझीलमध्ये स्वल्पविराम म्हणजे दशांशचिन्ह, त्यामुळे तोच आकडा तिथे सव्वा होतो. हजारांसाठी स्वल्पविराम वापरूच नका आणि प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहा, हा आमच्या समूहाचा पक्का नियम आहे. तारखांचंही तसंच. ०३/०७ म्हणजे तीन जुलै की सात मार्च, हे वाचणारा कुठला आहे त्यावर ठरतं. महिना अक्षरांत लिहा.

फोटोत मोजपट्टी ठेवा. दोषाच्या शेजारी स्टीलची पट्टी ठेवलेला एक फोटो दोन परिच्छेदांचं काम करतो. आवाजाचा दोष असेल, पंप कण्हत असेल किंवा सिलिंडर आपटत असेल, तर फोनवर काही सेकंदांचं रेकॉर्डिंग करा. मेक्सिकोतला मेंटेनन्सवाला आवाज ऐकून सांगतो की बेअरिंग गेलंय. त्याला मध्ये कोणतीच भाषा लागत नाही.

भाषेचं म्हणाल, तर आमचा आग्रह असा की ज्याला ज्या भाषेत नेमकं सांगता येतं त्याने त्या भाषेत लिहावं. भाषांतराचं बटण आता जवळपास सगळ्या साधनांत आहे. ते नीट चालावं म्हणून वाक्यं छोटी ठेवा, एका वाक्यात एकच गोष्ट सांगा, आणि 'तो', 'ते', 'त्याने' यांच्या जागी वस्तूचं नाव पुन्हा लिहा. 'प्लंजर टिप झिजली, मग ती बदलली' यापेक्षा 'प्लंजर टिप झिजली. प्लंजर टिप बदलली.' हे वाचायला रुक्ष वाटतं, पण भाषांतरात तगतं. म्हणी आणि कारखान्यातली टोपणनावं टाळा. आमच्याकडे एका वाल्व्हला सगळे 'भोंगा' म्हणतात. तो जर्मनीत कोणाला समजणार? सुट्या भागाचा नंबर लिहा, तो सगळीकडे एकच असतो.

ज्याला माहीत आहे त्याचं नाव

हा भाग माझ्या मनाच्या सगळ्यात जवळचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

ज्युलियन ऑर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात असताना कॉपियर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यास केला. तो त्यांच्याबरोबर कामावर फिरला, त्यांच्याबरोबर जेवला. त्याला दिसलं की मॅन्युअलमध्ये न सापडणारे बिघाड ही मंडळी एकमेकांना हकिकती सांगून सोडवतात. अवघड ज्ञान जेवणाच्या टेबलावर, गप्पांमध्ये होतं. पुढे १९९० च्या दशकात झेरॉक्सने 'युरेका' ही व्यवस्था उभी केली. तंत्रज्ञाने आपला तोडगा लिहायचा, दुसऱ्या जाणकार तंत्रज्ञांनी तो तपासायचा, आणि मग तो सगळ्यांसाठी खुला व्हायचा. तिची पहिली मोठी चाचणी फ्रान्समध्ये, तिथल्या मिनिटेल या इंटरनेटच्या आधीच्या, फोनलाइनवर चालणाऱ्या माहिती-यंत्रणेवर झाली. तोडग्यामागे पैसे द्यावेत का, असा विचार निघाला तेव्हा तंत्रज्ञांनाच पैशापेक्षा तोडग्यावर स्वतःचं नाव असणं जास्त महत्त्वाचं वाटलं.

आपल्या कारखान्यांत नेमकं हेच हुकतं. उपाय सुचतो फर्नेसवर वीस वर्षं उभ्या असलेल्या माणसाला. त्याच्याकडे बहुतेक वेळा कंपनीचा ईमेल आयडी नसतो. मग इंजिनिअर तो लिहितो, आणि पोस्टवर नाव इंजिनिअरचं दिसतं. पुढच्या वेळी तो माणूस गप्प बसतो, आणि त्याचं गप्प बसणं रास्तच आहे.

यावर करण्यासारखं पुष्कळ आहे. एक, कामगारांसाठीचे स्वस्त परवाने मिळतात, मायक्रोसॉफ्टचे तर 'फ्रंटलाइन' नावाचे खास आहेत. ते आयटी विभागाकडे मागा, आणि नाही म्हणाले तरी मागत राहा. दोन, ते मिळेपर्यंत पोस्टची पहिली ओळ ठरवून टाका: 'हा उपाय दुसऱ्या पाळीतल्या अमुक यांचा, लिहून दिला तमुक यांनी.' नाव घालण्याआधी त्यांना विचारा. आजवर मला कोणी नाही म्हटलेलं नाही. तीन, लिहून घेण्याचं काम शिकाऊ मुला-मुलींना द्या. आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेली मुलं काकांच्या शेजारी उभी राहतात, फोनवर त्यांचं मराठी बोलणं रेकॉर्ड करतात, मग लिहून त्यांना वाचून दाखवतात. वाचून दाखवणं गाळू नका. 'असं नाही म्हणालो मी, आधी स्प्रे कमी करायचा, मग वेळ वाढवायचा,' ही दुरुस्ती त्या वाचनातच होते. आणि त्या मुलाला जे शिकायला मिळतं ते कोणत्याही प्रशिक्षणात मिळत नाही. चार, दुसऱ्या देशातून आभार आले की ते छापून लाइनच्या बोर्डावर लावा. पोर्तुगीजमधले दोन शब्द आणि फोटो असला तरी चालेल.

कंत्राटी कामगारांना खातं देता येत नाही असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. खातं नसेल, नाव तर देता येतं.

गुण, तक्ते आणि जर्मनीतला कायदा

आता कोणीतरी सुचवेलच: प्रत्येक पोस्टला गुण द्या, महिन्याचा विजेता काढा. इन्फोसिसने २००० च्या दशकाच्या सुरुवातीला ज्ञान-व्यवस्थापनासाठी असे गुण सुरू केले होते, आणि ते बक्षिसांना जोडले होते. लिखाण भराभर वाढलं, तशी दर्जाची आणि तपासणाऱ्यांवरच्या भाराची चिंताही वाढली, आणि बक्षिसाची पद्धत त्यांना बदलावी लागली. एवढा चांगला अनुभव आपल्याच देशात नोंदलेला असताना तो पुन्हा घ्यायचं कारण नाही.

दुसरी अडचण कायद्याची. तुमच्या कंपनीची जर्मनीत शाखा असेल तर तिथल्या कामगार परिषदेला, बेट्रीब्सराटला, विचारल्याशिवाय असा गुणांचा तक्ता लावता येत नाही. बेट्रीब्सफरफासुंग्सगेझेट्झ या कायद्याच्या कलम ८७ प्रमाणे, कामगारांच्या वागण्यावर किंवा कामगिरीवर लक्ष ठेवता येईल असं कोणतंही तांत्रिक साधन आणताना परिषदेची संमती लागते. कोणी किती पोस्ट केल्या हे मोजणं त्यातच येतं. पुण्यात बसून आपण हौसेने तक्ता लावायचा आणि जर्मनीतल्या लोकांनी लिहायचं थांबवायचं, असं होऊ देऊ नका. साधन सुरू करण्याआधीच तिथल्या परिषदेशी बोला. आमच्या अनुभवात ही माणसं समजूतदार असतात. त्यांना फक्त लेखी हवं असतं की ही माहिती पगारवाढीच्या किंवा कारवाईच्या वेळी वापरली जाणार नाही. मला तर वाटतं, असं लेखी आश्वासन चाकणमध्येही द्यावं.

काय टाकायचं नाही, ते थोडक्यात: ग्राहकाचं ड्रॉइंग, किंमत, ग्राहकाचं नाव दिसणारा भाग, आणि पेटंटचा अर्ज जायचा आहे अशी कल्पना. अपघाताची माहिती जरूर टाका, पण जखमी माणसाचं नाव आणि चेहरा नको. युरोपात मे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे, आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आहे. पण कायदा नसता तरी हे पाळलं असतं.

रोजची राखण

समूह आपोआप चालत नाही. कोणाच्या तरी कामाच्या यादीत तो लिहिलेला असावा लागतो. सकाळी चहाच्या आधी मी तीन गोष्टी बघते: कोणता प्रश्न उत्तराविना आहे, कोणत्या प्रश्नात माहिती अपुरी आहे, आणि कोणाला उत्तर मिळालं पण पुढे काय झालं ते त्याने लिहिलेलं नाही.

उत्तराविना राहिलेल्या प्रश्नाला घाई नको, पण विसरही नको. आपल्या सकाळी टाकलेला प्रश्न चीनमध्ये लगेच दिसतो, जर्मनीत दुपारच्या जेवणाच्या आधी, साओ पावलोत सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपले साडेचार झालेले असतात, आणि मध्य मेक्सिकोत सातची पाळी सुरू होते तेव्हा आपले साडेसहा. जर्मनीची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तासाने पुढे-मागे होतात; ब्राझीलने २०१९ मध्ये आणि मेक्सिकोने २०२२ मध्ये, सीमेलगतचे भाग सोडून, ही पद्धत बंद केली. म्हणजे पूर्ण एक दिवस गेल्याशिवाय 'कोणी उत्तर देत नाही' असं म्हणू नका. दुसऱ्या दिवशी मी एका माणसाला, फक्त एकालाच, नावाने विचारते: 'तुमच्याकडे गेल्या वर्षी असंच झालं होतं ना?' सगळ्यांना टॅग केलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा लिहील. तरीही शांतता असेल तर फोन उचलते. फोनवर मिळालेलं उत्तर, सांगणाऱ्याच्या नावाने, मी समूहात लिहिते.

उत्तर मिळाल्यावर दोन आठवड्यांनी परत विचारायचं: लावून पाहिलं का? काय झालं? हा एक प्रश्न बाकी सगळ्या राखणीपेक्षा जास्त काम करतो. 'लावलं, चाललं नाही, कारण आमचा गेट वेगळा आहे' हे उत्तरसुद्धा विकीच्या पानावर जातं. वरिष्ठांनी आकडे मागितले तर मी पोस्टची संख्या देत नाही. पहिलं उत्तर यायला किती वेळ लागला आणि एका कारखान्याचा उपाय दुसऱ्या किती कारखान्यांत लागला, एवढंच देते.

बहुतेक लोक काहीच लिहिणार नाहीत, फक्त वाचतील. वेबसाइट वापरायला किती सोप्या असतात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्येच मांडलं होतं की ऑनलाइन समूहांत साधारण नव्वद टक्के फक्त वाचतात, नऊ टक्के अधूनमधून लिहितात आणि एक टक्का बहुतेक सगळं लिहितात. वाचणाऱ्यांना टोचू नका. ते कोपऱ्यात उभं राहून काम शिकतायत.

न लिहिण्याचं एक कारण मात्र दूर करण्यासारखं आहे: साहेब बघतायत ही भीती. 'एवढं साधं माहीत नाही का?' असं कोणी एकदा म्हटलं की वर्षभर कोणी विचारत नाही. सूचना देऊन ही भीती जात नाही. कारखान्याच्या प्रमुखांना गाठा आणि त्यांना स्वतःला न सुटलेला एक खरा प्रश्न त्यांच्याच शब्दांत समूहात विचारायला लावा. आमच्या प्रमुखांनी विजेच्या बिलाबद्दल विचारलं होतं, रविवारी होल्डिंग फर्नेस, म्हणजे वितळलेला धातू गरम ठेवणारी भट्टी, चालू ठेवायची की बंद करायची? त्यांना उत्तर दिलं ते ब्राझीलच्या एका शिफ्ट सुपरवायझरने, आणि प्रमुखांनी त्याचे उघडपणे आभार मानले. त्यानंतर सुपरवायझर लोकांचे प्रश्न यायला लागले.

जुनी उत्तरं वेळच्या वेळी काढून टाका. प्रत्येक विकी पानावर 'पुन्हा तपासायची तारीख' आणि तपासणाऱ्याचं नाव घाला. स्प्रेचं रसायन बदललं की जुना उपाय नुसता निरुपयोगी नाही, घातकही ठरू शकतो. एप्रिलमध्ये पावसाळ्याशी संबंधित पानं चाळा, म्हणजे मेमध्ये ड्रायरच्या देखभालीचं काम वेळेवर निघतं. आणि समूहाचे अ‍ॅडमिन हक्क कायम दोन वेगळ्या देशांतल्या दोघांकडे ठेवा. एकाने नोकरी बदलली तर त्याच आठवड्यात तिसरं नाव जोडा, आणि जाणाऱ्याबरोबर बसून उघडे राहिलेले प्रश्न एकेक करून नव्या माणसाच्या नावावर लावून घ्या.